घारीवरची उडी

सगळा घोळ झाला तो हेमंत सरांच्या घाईमुळे. नाही तर दिपेशसारखा नाकासमोर चालणारा मुलगा जिवाशी खेळायला कशाला गेला असता?

त्या दिवशी आश्रमशाळेत नाशिकहून योगिता मॅडम आल्या होत्या. वयात येणारी मुलं-मुली किती बेफाम वागतात, जिवावर बेतेल असं काय काय करतात, आणि त्यात मुलगे नि मुली यांच्यात किती फरक असतो, हे त्यांना मोजायचं होतं. "भात मोजतात, दूध मोजतात, आता मस्तीपण मोजायची म्हणा," हेमंत सर म्हणाले आणि स्वतःच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी छापील कागदांचा गठ्ठा काढला आणि नीट बजावून सांगितलं, प्रत्येकाला वेगळा कागद, वेगळं बसवायचं, नाव लिहायचं नाही, कोणी कोणाच्या कागदात डोकवायचं नाही आणि शिक्षकांनी खोलीत थांबायचं नाही.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ होत आली होती, आणि मॅडमना दुपारी मोखाड्याच्या शाळेत पोचायचं होतं. जीप एकदा गेली की दुसरी कधी भरेल ते देवाला माहीत. "मॅडम, आमची पोरं हा कागद वाचत बसली तर संध्याकाळ होईल," सर म्हणाले. "मी वाचतो, पोरं हात वर करतील, तुम्ही मोजा. दहा मिनिटांत मोकळे." मॅडम नको नको म्हणाल्या, पण बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. अडला हरी झाला, दुसरं काय!

नववी-दहावीची मुलं मोठ्या खोलीत जमिनीवर बसली, एका अंगाला मुलगे, दुसऱ्या अंगाला मुली. सर वाचू लागले. लायसन नसताना मोटारसायकल जोरात चालवली आहे का? मुलग्यांचे हात वर. चालत्या जीपच्या मागे लोंबकळत प्रवास केला आहे का? पुन्हा मुलग्यांचे हात वर. मागच्याच बाजाराच्या दिवशी निम्म्या मुली मोखाड्याहून जीपच्या मागच्या शिडीला धरून आल्या होत्या, आणि हे सरांना ठाऊक होतं, कारण सर त्याच जीपमध्ये पुढे बसले होते. पण मुलींच्या बाजूला एक हात हलला नाही. सगळ्या खाली पाहत फरशीवर बोटाने रेघा ओढत होत्या.

दिपेश दहावीत होता, साखरशेतचा. त्याने यातलं काहीही केलं नव्हतं. मोटारसायकलवर बसला तर तो डोळे मिटून घेई. पोरं त्याला दिपी म्हणत, मुलीच्या नावाने हाक मारल्यासारखं. पण सगळ्यांचे हात वर असताना आपला एकट्याचा खाली ठेवायला जी हिंमत लागते, तीही त्याच्याकडे नव्हती. तो प्रत्येक प्रश्नाला हात वर करत गेला. पुढेपुढे तर त्याने प्रश्न ऐकायचंही सोडून दिलं.

सातवा प्रश्न होता उंचावरून खोल पाण्यात उडी मारण्याचा. पोरांना नीट समजावं म्हणून सरांनी पदरची भर घातली, "म्हणजे कशी, आपल्या घारीवरून."

आणि सगळे हात एकदम खाली आले.

शाळेपासून दाभोसा फार लांब नाही. तिथल्या नदीला एक डोह आहे, आणि डोहावर वरखाली तीन कातळ. खालचा बसणी, मधला उभी आणि सगळ्यात वरचा घार, कारण तिथे घारीच बसत. मस्ती मोजायला दाभोशाच्या पोरांना नाशिकच्या मॅडमची गरज नव्हती, त्यांचं माप त्या तीन दगडांवर कधीचं ठरलेलं होतं. बसणीवरून कोणीही उडी मारी. उभीवरून मारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांत दाभोशाचा सुरज पहिला. घारीवरून कोणी मारली नव्हती. बाकी कशाबद्दलही थापा मारल्या तरी चालत, घारीबद्दल नाही.

दिपेशचा हात मात्र वरच राहिला होता.

"दिपेश? तू? घारीवरनं?" सर म्हणाले.

तेव्हाच हात खाली घेतला असता तर थोडं हसं झालं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण सगळी खोली त्याच्याकडे वळून पाहत होती, सुरजसुद्धा, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच दिपी नव्हता. दिपेशचं तोंड आपोआप उघडलं. "हो सर. उन्हाळ्यात आत्याकडं आलतो तवा. पाय जुळवायचं, हात अंगाला लावायचं. खाली गेलं का कानात शिट्टी वाजते, मंग पाणीच वर ढकलतं."

बोलून झाल्यावर त्याने मुलींच्या रांगेकडे पाहिलं. नववीत शिकणारी त्याची धाकटी बहीण हर्षदा त्याच्याकडे बघत होती. ते शब्द तिचे होते. ती उडी तिची होती.

मॅडमनी मान डोलावून टिपून घेतलं, मुलगे एक, मुली शून्य, आणि सरांनी आठवा प्रश्न वाचला.

खरी गोष्ट अशी होती. वाळूला, म्हणजे त्यांच्या बापाला, पोरांचे उन्हाळे जड जात. तो पोरांना दाभोशाला बहिणीकडे, गोजाबाईकडे, धाडून देई. गोजाबाई मजुरीला जाणारी बाई, पण नदीकाठी वाढलेली. दुपारी पुरुष कामावर गेले की बायका डोहाच्या वळणापलीकडे धुणं घेऊन जात आणि धुणं झालं की मनसोक्त पोहत. हर्षदा दोन उन्हाळ्यांत तिथे मासळीसारखी पोहायला शिकली. गेल्या वैशाखात गावचे सगळे पुरुष लग्नाला गेले असताना ती घारीवर चढली आणि तिने उडी मारली. दिपेश तिला जेवायला बोलवायला आला होता. करवंदीच्या जाळीमागून त्याने ते पाहिलं आणि त्याची चड्डी ओली झाली. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि हर्षदानेही उडीचं कोणाला सांगितलं नाही. फक्त त्याला एकदा सांगितलं होतं, पाय कसे जुळवायचे आणि कानात शिट्टी कशी वाजते.

आणखी एका म्हातारीने ते लांबून पाहिलं होतं, सुरजचा मित्र विनोद, त्याच्या आजीने. एक पोरगी केस मोकळे सोडून घारीवरनं उडाली आणि पाण्यात गडप झाली, असं ती गावभर सांगत सुटली. गावाने विचार केला आणि ठरवलं की ती आसरा असणार. पाण्यात राहणाऱ्या आसरा दुपारच्या सामसुमीत वर येतात हे कोणाला ठाऊक नाही? मुलगी घारीवरून उडी मारते हे पटण्यापेक्षा आसरा मारते हे पटणं गावाला सोपं गेलं. डोहावर हळदकुंकू वाहिलं गेलं. गोजाबाईने मात्र आपली भाची ओळखली, तोंडाला पदर लावून हसू दाबलं आणि त्या रात्री भाचीला दम भरला, "पुन्यांदा घारीचं नाव काढलंस तर तंगडी मोडीन. काशीचं काय झालं, ठावं हाय ना?"

काशीचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. हर्षदाच्याच वर्गातली. जव्हारच्या बाजारात एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली कोणीतरी पाहिली, एवढंच. बापाने वसतिगृहातून पेटी उचलली, आणि होळीच्या आत तिचं लग्न झालं होतं. वाळू पोरीला जीव लावणारा होता, पण काशीचा बापही काही राक्षस नव्हता.

आता दिपेशपुढे पेच पडला. सुरजने त्याला जेवणाच्या रांगेतच गाठलं. "दिपी, तू घारीवरनं मारली म्हंजे मना नाय पटत. पन शिट्टी वाजते ते खरं हाय. उभीवरनं बी वाजते. न मारता तुला कसं ठावं?" दिपेशने ताट पुढे केलं. सुरज म्हणाला, "रविवारी आत्याकडं येशील ना? मंग दाखव."

संध्याकाळी नळावर हर्षदाने त्याला गाठलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. "दादा, सांगून टाक का थाप मारली."

"मंग इचारतील शिट्टीचं कोनी सांगितलं."

"कोनाचं बी नाव घे."

"कोनाचं घेऊ? घारीवरनं गेलंय कोन?"

 नळ वाहत राहिला. मग ती म्हणाली, "उडी मारू नको, दादा. तुला पवताबी येत नाय." तिच्या आवाजातली भीती ऐकून दिपेशची उरलीसुरली आशा मावळली. आजवर त्याला वाटत असे की ही पोरगी कशालाच भीत नाही.

रविवारपर्यंत तो नीट जेवला नाही. डोळे मिटले की तो घारीवर उभा असे आणि खाली पाण्याऐवजी खडक असे. ताप यावा म्हणून त्याने देवाला साकडं घातलं, कपाळाला हात लावून पाहिला, कपाळ थंडगार. नको तेव्हा ताप येतो आणि हवा तेव्हा येत नाही.

पाऊस ओसरून फार दिवस झाले नव्हते. भातं पिवळी पडत होती आणि डोह काठोकाठ भरलेला होता, काळाहिरवा, वरून संथ. सुरज, विनोद आणि आणखी चारपाच पोरं आधीच येऊन बसली होती. सुरजने थोरल्या भावाचा मोबाईल आणला होता, रील काढायला. वळणापलीकडे हर्षदा धुण्याच्या दगडावर कपडे आपटत होती. आत्या भात कापायला गेली होती.

दिपेश बसणीवर चढला, मग उभीवर.  घारीवर तो चार पायांवर रांगत गेला आणि कातळाला धरून कसाबसा उभा राहिला. त्याने खाली पाहिलं. पाणी इतकं खाली होतं की त्यातलं आभाळ वेगळंच कुठलंतरी वाटत होतं. नाही, हे आपल्याने होणार नाही, त्याच्या मनात आलं. उतरू. हसू देत. दिपी म्हणू देत, जन्मभर म्हणू देत.

तो वळलासुद्धा. तेवढ्यात खालून विनोद ओरडला, "काय रे, फाटली का? आमच्या आजीला दिसलेली आसरा बरी मंग तुझ्यापक्षी!"

पोरं खिंकाळली. सुरजला आणखी चेव आला. "आसरा कसली! याची बहीण असंल ती! याच्या वाटची उडी बहिणीनं मारली असंल!"

ती निव्वळ थट्टा होती. सुरजला स्वतःलाही ती खरी वाटली नसती. पण दिपेशला त्या थट्टेची जी भीती वाटली तेवढी डोहाची वाटली नव्हती. आता तो खाली उतरला की पोरं तीच थट्टा पुन्हा करणार, उद्या शाळेत करणार, बाजारात करणार, आणि कधीतरी कोणीतरी हसायचं थांबून विचार करणार. त्याला काशीची पेटी दिसली, जीपच्या टपावर बांधलेली. त्याने वळणाकडे पाहिलं. हर्षदा हातातलं धुणं टाकून उभी राहिली होती आणि जोरजोरात मान हलवत होती, नको, नको.

दिपेशने डोळे मिटले आणि पाय उचलला.

पाय जुळवायचं राहिलं, हात अंगाला लावायचं राहिलं. पाण्याने त्याला कुशीवर असं झोडपलं की श्वास निघूनच गेला. मग नुसता काळोख. कानात शिट्टी वाजली खरी, पण पाण्याने वर ढकललं नाही. त्याने तोंड उघडलं आणि पाणी आत आलं. आई म्हणावंसं वाटलं, तेही म्हणता येईना. आपण मरतोय हे त्याला अगदी स्वच्छ कळलं, आणि त्या काळोखात खालून कोणीतरी त्याचे केस धरले.

केस धरणारी आसराच आहे याबद्दल त्या घडीला त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लांब काळे केस त्याच्या तोंडावर आले, पोटाला हाताचा विळखा पडला. त्याने लाथा झाडल्या, चावायला पाहिलं. विळखा सुटला नाही. मग डोळ्यांवर उजेड आला, हवा आली, आणि काठच्या उंबराच्या मुळ्यांत कोणीतरी त्याला कोंबून त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप," हर्षदा कानात म्हणाली. "वरडू नको. मी हाय."

वरून पोरांना दिसलं ते एवढंच. दिपेश बुडाला. पाणी पुन्हा संथ झालं. आणि मग पाण्याखालून एक काळी सावली आली, केसांचा जुडगा पाण्यावर पसरला, एका गोऱ्या हाताने पोराला धरलं आणि उंबराखालच्या अंधारात ओढून नेलं. हर्षदा काही गोरी नाही, पण भ्यालेल्या डोळ्यांना हात गोराच दिसतो. "आसरा! आसरा!" विनोदने बोंब ठोकली आणि सगळी पोरं वाट फुटेल तिकडे पळत सुटली. सुरजच्या हातून मोबाईल निसटून डोहात गेला, तरी तो थांबला नाही.

बोंब ऐकून गोजाबाई हातात विळा तसाच घेऊन शेतातून धावत आली. भिजलेली दोघं तिने पाहिली आणि ती मटकन खाली बसली. पण बाई हुशार. तिने आपल्या डोईचं फडकं सोडून हर्षदाचे केस खसाखसा पुसले, धुण्यातली कोरडी ओढणी तिच्या अंगावर टाकली आणि तिला बांधाबांधाने घरी पिटाळलं. दिपेशला उपडा करून तिने पाठीवर गुद्दे घातले. पाणी काढायला किती आणि रागाने किती, ते तिचं तिला ठाऊक. गाव गोळा झालं तेव्हा ती छाती पिटत होती, "आसरेनं दिला गं माझा पोरगा! नेलेला परत दिला!"

लोकांनी हात जोडले. विनोदच्या आजीने सगळ्यांकडे अशा तोऱ्यात पाहिलं की काय सांगावं.

निरोप जाताच वाळू साखरशेतहून आला. त्याने पोराच्या एक मुस्काटात मारली, मग त्याला पोटाशी धरून रडला, आणि रात्री कोंबडं कापलं. जेवताना मात्र चारचौघांत त्याची छाती फुगलेली दिसत होती. "पोरगा हाय. पोरगा म्हंजे उडी मारनारच," तो म्हणाला. मग त्याची नजर चुलीजवळ बसलेल्या हर्षदाकडे गेली. "तू गं? तू व्हतीस ना नदीला? भावावर ध्यान ठेवाया नाय आलं?"

हर्षदाने भाकर थापली.  ती मान वर करून बघत नव्हती आणि तो बोलू शकत नव्हता, कारण त्याने एक शब्द खरा बोलला असता तर सकाळी तिची पेटी जीपच्या टपावर गेली असती.

दोन दिवसांनी गावाने डोहावर पूजा घातली. हिरव्या बांगड्या, नारळ, हिरवं लुगडं. ते ताट काठापर्यंत कुवार मुलीने न्यायचं असतं, म्हणून हर्षदाच्याच हातात दिलं. तिने आपल्याच नावाच्या बांगड्या पाण्यात सोडल्या आणि नमस्कार केला. मग भगताने सांगितलं की आसरा जागी झाली आहे. पुरुषांनी नारळ फोडून उतरावं. पण कुवार मुलींनी या पाण्याला पाय लावायचा नाही, आसरेला जोडीदारीण हवी असते. बायकांनी माना डोलावल्या. गोजाबाईचा चेहरा पडला. आसरा तिनेच उठवली होती, आता तिला झोपवा असं कसं म्हणणार?

तेव्हापासून हर्षदा विहिरीवर धुणं धुऊ लागली. रविवारी दिपेश आत्याकडे आला की सुरज त्याला हाका मारी. आता दिपी नाही, दिपेशभाऊ. सुरजनेच त्याला बसणीखालच्या उथळ पाण्यात ट्यूब बांधून हातपाय मारायला शिकवलं. दिपेशला पाण्याची भीती वाटतच होती, रोज वाटत होती, पण ती कोणाला दिसत नव्हती. आणि दारात बसून नाचणी पाखडणारी हर्षदा तो परत आला की त्याच्या ओल्या केसांकडे बघे.

पौषात योगिता मॅडम पुन्हा आल्या. हात वर करून घेतलेली मोजणी त्यांच्या वरिष्ठांनी फेटाळून लावली होती. या वेळी त्यांनी हेमंत सरांना गोड बोलून बाहेर काढलं, मुलांना लांब लांब बसवलं आणि प्रत्येकाला कागद दिला. "नाव लिहू नका," त्या म्हणाल्या. "इथे तुम्हाला कोणी ओळखणार नाही. खरं लिहा, एवढंच." बाई मनाने चांगली होती.

दिपेशने पहिल्या सहा प्रश्नांना नाही लिहिलं. सातव्याशी तो थांबला.  मग त्याने लिहिलं, हो. आता ते खोटं नव्हतं, आणि तरी ते लिहिताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

सुटल्यावर त्याने हर्षदाला पेरूच्या झाडाखाली गाठलं. "सातव्याला काय लिवलं?"

"नाय लिवलं."

"का? नाव नव्हतं ना कागदावर."

हर्षदाने त्याच्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे बघावं तसं. "दादा, मॅडमनी गठ्ठे दोन केलं, नाय बघितलंस? पोरांचा एक, पोरींचा एक. पोरांच्या गठ्ठ्यात 'हो' लपून जातो. पोरींच्या गठ्ठ्यात एकच 'हो' निघाला तर समदे इचारतील, ही कोन? अन दाभोशाला जानारी पोर या शाळेत हाय कोन?"

 ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "अन मी कुठं मारली? आसरेनं मारली."

मग तिने आवाज खाली आणला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "घारीखाली पानी किती उतरलंय रे?"

 हे ती का विचारतेय ते त्याला लगेच कळलं. मागच्या रविवारी भर दुपारी ती सरपणाला म्हणून गेली होती आणि मोळी भलतीच लहान घेऊन आली होती. तिच्या वेणीचं टोक ओलं होतं, ते त्याने पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. यंदाच्या पुराने वरचे दगड डोहात आणून टाकले होते, आणि आता पाणी दिवसेंदिवस आटत होतं. वरून डोह काळाच दिसणार, आणि आतले दगड वर येत असणार. ती जाणारच. सांगून थांबणारी असती तर ती घारीवर चढलीच नसती.

त्या रविवारी सुरज यायच्या आधी दिपेश एकटाच डोहावर गेला. खांद्यावर लांब बांबू होता आणि कमरेला ट्यूब. घारीच्या बरोबर खाली, जिथे तो मरणार होता, तिथे जायचं म्हणजे हात गळून जात होते. तो ट्यूबला कवटाळून सरकत सरकत गेला, मोठ्याने देवाचं नाव घेत, दात वाजत होते. पायाला शेवाळ लागलं तर तो किंचाळला. त्याने बांबू खाली सोडला, टेकला की खूण पाहिली, थोडं सरकला, पुन्हा सोडला. डाव्या अंगाला बांबू अर्ध्यातच खट्कन दगडावर लागला. तो आवाज ऐकून त्याला रडू फुटलं, पण तो परत फिरला नाही. सगळा तळ त्याने चाचपून काढला.

संध्याकाळी हर्षदा दारात नाचणी पाखडत होती. आत्या आत होती. दिपेश तिच्याजवळ बसला. पाणी आटलंय, आता उडी मारता येणार नाही, एवढं सांगितलं असतं तर उन्हाळाभर त्याला सुखाने झोप लागली असती. ते शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण या डोहाबद्दल तो एकदा खोटं बोलला होता.

"अजून बांबूभर हाय," तो हळूच म्हणाला. "पन डाव्या अंगाला दगड वर आलाय. उजव्या अंगाला, उंबराकडं मार. अन एकटी जाऊ नको. मना सांग. मी ट्यूब घेऊन खाली थांबतो."

हर्षदाचं सूप थांबलं. तिने आत आत्याच्या दिशेने पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"तुला भ्याव नाय वाटनार, दादा?"

"लय वाटंल," दिपेश म्हणाला.